पारपटलाचा व्रण : क्षुल्लक ओरखडा दृष्टीवर कधी बेततो?

डोळ्यात कुसळ जाणे ही भातशेती करणाऱ्यांना नवी गोष्ट नाही. डोळा धुतला, थोडा वेळ मिटून ठेवला आणि दोन दिवसांत लाली गेली, असाच बहुतेकांचा अनुभव असतो. मात्र काही जणांच्या बाबतीत त्या सूक्ष्म ओरखड्यातून जंतूंचा शिरकाव होतो आणि पारपटलावर व्रण तयार होतो. वैद्यकशास्त्रात 'केरॅटायटिस' या नावाने ओळखला जाणारा हा विकार तातडीच्या उपचारांचा आहे. उशीर झाल्यास त्या डोळ्याची दृष्टी कायमची जाऊ शकते.

पारपटल आणि त्याची मर्यादा

डोळ्याच्या बाहुलीसमोर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, तो पारपटल अर्थात कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच तो पारदर्शक राहतो. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः अश्रूंत विरघळलेल्या हवेतून मिळतो. परंतु रक्तवाहिन्यांचा हा अभाव संसर्गाच्या वेळी घातक ठरतो, कारण शरीराच्या संरक्षक पेशी तेथे विलंबाने पोहोचतात. व्रण भरून आला तरी त्या जागी पांढरा डाग उरतो. 'डोळ्यात फूल पडणे' म्हणतात ते हेच. डाग बाहुलीच्या समोर असेल तर दृष्टी अधू होते.

कारणे

पारपटलाला संसर्ग करणारे जंतू चार प्रकारचे असतात. स्टॅफिलोकॉकस, न्यूमोकॉकस व स्यूडोमोनास हे जिवाणू त्यांत प्रमुख होत. यांपैकी स्यूडोमोनास विशेष आक्रमक असून दोन-तीन दिवसांत पारपटलाला छिद्र पाडू शकतो. कॉन्टॅक्ट लेन्स लावून झोपणाऱ्यांत त्याचा संसर्ग अधिक आढळतो. दुसरा गट फ्युजेरियम, ॲस्परजिलस या बुरशींचा. पेंढा, झावळीचे पाते, काटा किंवा माती यांमुळे झालेल्या जखमेतून त्या डोळ्यात शिरतात. उष्ण व दमट हवामानाच्या प्रदेशांत हा प्रकार मोठ्या प्रमाणात दिसतो. तिसरा जंतू अकँथअमीबा. तो पाण्यात व मातीत आढळतो. नळाच्या पाण्याने लेन्स धुणे किंवा लेन्स घालून पोहणे त्यास निमंत्रण देते. चौथे कारण हर्पिस विषाणू. तो शरीरात सुप्त राहून पुनःपुन्हा उफाळतो.

तमिळनाडूतील मदुराई जिल्ह्यात 1993 साली दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे 113 जणांना पारपटलाचा व्रण होत असल्याचे आढळले होते. मधुमेह, अश्रूंची कमतरता, पापणी पूर्ण न मिटणे आणि मुलांमधील 'अ' जीवनसत्त्वाचा अभाव यांमुळे धोका वाढतो.

लक्षणे : 'डोळे येणे' नव्हे

2023 च्या पावसाळ्यात राज्यात आणि शेजारी महाराष्ट्रात डोळे येण्याची साथ पसरली होती. त्या आजारात डोळा लाल होतो, चिकटतो व खुपतो. तरी दृष्टी सहसा शाबूत असते आणि बहुधा दोन्ही डोळ्यांना बाधा होते. व्रणाची चिन्हे निराळी असतात :

- सहसा एकाच डोळ्यात तीव्र वेदना आणि सतत पाणी
- उजेड असह्य होणे, पापणी उघडता न येणे
- नजर धूसर होणे
- बुबुळावर पांढरा किंवा करडा ठिपका दिसणे
- बुबुळामागे तळाशी पूचा पांढरा थर साचणे

बुरशीचा व्रण संथ गतीने वाढतो. इजेनंतर काही दिवस, कधी आठवडाभराहून अधिक काळ फारसा त्रास जाणवत नाही आणि रुग्ण गाफील राहतो. अकँथअमीबाच्या संसर्गात याउलट दिसणाऱ्या व्रणाच्या मानाने वेदना कितीतरी जास्त असू शकतात.

निदान

नेत्रतज्ज्ञ 'स्लिट लॅम्प' यंत्राखाली डोळा तपासतात आणि फ्लुरोसीन हे रंगद्रव्य घालून व्रणाचा आकार पाहतात. फांद्या फुटल्यासारखा व्रण हर्पिसकडे, तर पिसासारख्या कडा बुरशीकडे बोट दाखवतात. तथापि निव्वळ नजरेने जंतू निश्चित ओळखता येत नाही. त्यासाठी डोळा बधिर करून व्रणाचा अंश खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो व त्याचे संवर्धन केले जाते. ही चाचणी टाळू नये, कारण पुढील सारे उपचार तिच्यावर अवलंबून असतात.

उपचार

जिवाणूजन्य व्रणावर प्रतिजैविकांचे थेंब सुरुवातीला दर तासाला, रात्रीही घालावे लागतात. बुरशीसाठी 5 टक्के नॅटामायसिन हे प्रथम पसंतीचे औषध आहे. भारतात झालेल्या व 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ते व्होरिकोनाझोल या महागड्या औषधाहून सरस ठरले. हे उपचार अनेक आठवडे चालतात. अकँथअमीबासाठी कित्येक महिने लागू शकतात. हर्पिसवर ॲसायक्लोव्हिर गटातील औषधे दिली जातात. औषधांना दाद न मिळाल्यास किंवा पारपटल फाटण्याच्या बेतात असल्यास नेत्रदानातून मिळालेल्या पारपटलाचे रोपण करून डोळा वाचवण्याचा प्रयत्न होतो.

स्टेरॉईडचा धोका

औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉईड असते. त्याने लाली व वेदना झटपट कमी होतात आणि बरे वाटू लागते. आत मात्र बुरशी वा हर्पिस मोकाट वाढतो. जुन्या बाटलीतील उरलेले थेंब, मध, अंगावरचे दूध किंवा पानांचा रस घालणेही तितकेच घातक.

प्रतिबंध : पहिले अठरा तास

नेपाळमधील भक्तपूर येथे पारपटलाला ओरखडा गेलेल्या व्यक्तींना गावातील प्रशिक्षित आरोग्यसेवकांमार्फत क्लोरॅम्फेनिकॉल मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस देण्यात आले. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, इजेनंतर 18 तासांच्या आत उपचार सुरू झालेल्या एकाही व्यक्तीस व्रण झाला नाही. 24 ते 48 तासांनी आलेल्यांपैकी मात्र चारांतील एकाहून अधिक जणांना तो झाला. वेळेचे मोल याहून स्पष्ट सांगता येणार नाही.

मळणी करताना, झाडे छाटताना, गवत कापताना किंवा वेल्डिंगचे काम करताना साधा संरक्षक चष्मा वापरावा. डोळ्यात काही गेल्यास न चोळता स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. रुतलेला कण घरी काढू नये. खुपणे थांबले नाही तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. बांबोळीच्या गोमेकॉसह जिल्हा इस्पितळांत नेत्रविभाग आहेत. जाताना आधी वापरलेल्या औषधांच्या बाटल्या सोबत न्याव्यात, म्हणजे आतापर्यंत डोळ्यात काय गेले आहे, हे डॉक्टरांना नेमके कळेल.