मृदू पदार्थांतील क्वासीक्रिस्टल

ज्या रचनेतील घटकांची मांडणी नियमबद्ध असते, पण ठरावीक अंतरावर जशीच्या तशी पुन्हा येत नाही, तिला क्वासीक्रिस्टल म्हणतात. नाशिक परिसरातील बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढणारी आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात पाहायला मिळणारी अॅपोफिलाइट, स्टिल्बाइट यांसारखी खनिजे या प्रकारात मोडत नाहीत. ते आवर्ती स्फटिक होत. अॅपोफिलाइटची रचना पाव वळणानंतर पूर्ववत दिसते, म्हणजे तिची सममिती चारपदरी असते, आणि आवर्ती मांडणीत दोन, तीन, चार व सहा यांखेरीज अन्य घूर्णन-सममिती संभवत नाही. दान शेख्टमान यांना १९८२ मध्ये अॅल्युमिनियम-मँगॅनीज मिश्रधातूत पाचपदरी सममिती आढळली. त्या शोधास २०११ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बहुवारिके, कलिले, द्रवस्फटिक अशा सहज आकार बदलणाऱ्या मृदू पदार्थांत ही रचना २००४ मध्ये प्रथम दिसली. तेथे झाडासारख्या फांद्या असलेल्या रेणूंचे गोलाकार पुंजके बारापदरी सममितीने रचले गेले होते. पुढे २००७ मध्ये जपानी संशोधकांनी एकमेकांत न मिसळणाऱ्या तीन भुजांच्या ताराकृती बहुवारिकात साधे पॉलिस्टायरीन मिसळले, तेव्हा छेदात चौरस व समभुज त्रिकोण यांची अनावर्ती फरसबंदी दिसली, आणि त्रिकोणांचे चौरसांशी प्रमाण आदर्श बारापदरी रचनेस लागणाऱ्या सुमारे २.३ च्या जवळ आले. मिश्रणाचे महत्त्व येथेच आहे, कारण भर घातलेल्या घटकाने भागांची आकारमाने, पर्यायाने मांडणी, हवी तशी वळवता येते.

बारापदरी सममितीचे या पदार्थांतील प्राबल्य योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. पाण्यात बहुवारिकाचे रेणू एकत्र येऊन मायसेल नावाचे गोळे बनतात. त्यांचा गाभा घट्ट, तर भोवतालचे साखळ्यांचे आवरण लवचीक असल्याने पदार्थात दोन वेगळी लांबीमाने एकाच वेळी वावरतात. त्यांचे गुणोत्तर सुमारे १.९३ असल्यास ३० अंशांच्या कोनातील घनतेच्या दोन लहरी मिळून तिसरीस बळ देतात आणि अशा बारा दिशा परस्परांना स्थिर करतात. हे स्पष्टीकरण सुबक असले, तरी सर्वत्र सारखे लागू पडत नाही: १३.४ नॅनोमीटरच्या लोह ऑक्साइडच्या व ५ नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांच्या मिश्रणात २००९ मध्ये मिळालेल्या बारापदरी रचनेतील कण टणकच होते. स्थैर्याचाही प्रश्न उरतो. दोन खंडांच्या बहुवारिकाचे वितळलेले रूप झपाट्याने थंड केल्यावर क्वासीक्रिस्टल प्रथम बनतो, पण पुढे कालांतराने तो आवर्ती स्फटिकात बदलतो.