खिरीचा सण, बिरड्याचा सण

आपल्या सणांना देवाचं नाव असतं, नाहीतर तिथीचं. पदार्थ नंतर येतो. रायगडच्या किनाऱ्यावर मात्र एक समाज असा होता की त्याने आपले सण पदार्थांच्या नावाने लक्षात ठेवले. खिरीचा सण. बिरड्याचा सण. आंबटाच्या मडक्यावर झाकण घालायचा सण. शिळा सण. हा समाज म्हणजे बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी बोलणारे यहुदी. अलिबागच्या इस्राएल आळीतून कधी गेला असाल तर तिथलं मागेन आबोथ हे १८४८ सालचं प्रार्थनामंदिर तुम्ही पाहिलं असेल. रेवदंड्याला, पेणला, पनवेललाही त्यांची मंदिरं आहेत. आणि आडनावं ऐकलीत तर सगळा जुना कुलाबा जिल्हाच डोळ्यांसमोर येतो: किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, आष्टमकर, चेऊलकर, झिराडकर.

त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी चौलच्या उत्तरेला, नवगावजवळ त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या, धर्मग्रंथ, सगळं समुद्रात गेलं. बुडालेल्यांना नवगावला पुरलं, आणि वाचलेले किनाऱ्यावरच्या गावांतून राहू लागले. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा झाला. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं.

हे जहाज नेमकं कधी फुटलं यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. त्याच समाजातले हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी १८९७ च्या सुमारास समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी. त्यांचं म्हणणं होतं की पूर्वज ख्रिस्तपूर्व १७५ च्या आसपास आले. एक पुरावा त्यांनी दिला तो मला फार आवडतो: यहुद्यांचा दिव्यांचा सण हनुक्का आमच्या जुन्या सणांत नाही, आणि तो सण सुरू झाला त्या काळानंतरच, म्हणजे आम्ही त्याआधीच निघालो होतो. सगळे अभ्यासक हे मानत नाहीत. पण काय पाळलं जात होतं आणि काय नव्हतं यावरून इतिहास शोधायचा, ही पद्धत घर सांभाळणाऱ्या बाईला लगेच पटते.

आता त्यांची ती जुनी यादी पाहू. किहीमकरांच्या पुस्तकामुळेच ती आपल्याला मिळते.

वर्षाचा पहिला सण 'नव्याचा सण'. हिब्रू पंचांगातल्या तिश्री महिन्याचा पहिला दिवस, आपला साधारण भाद्रपद-आश्विन. बाकी जगातले यहुदी हा सण दोन दिवस करतात, हे लोक एकच दिवस करायचे. नव्याचा म्हणजे नव्या वर्षाचा. पण त्याच दिवसांत कोकणात हळवं भात तयार होतं, दाराला नव्या लोंब्या बांधतात, आणि शेजारीपाजारी त्याला 'नवं'च म्हणतात. शेजारच्या शब्दाचा आधार घेतला असावा असं मला वाटतं. कारण तीन-चार दिवसांनी येतो तो 'खिरीचा सण', आणि ती खीर नव्या तांदळाचीच. नारळाच्या रसात गोड शिजवलेली. खिरीचं भांडं समोर ठेवून धूप जाळायचा आणि 'शेमा' म्हणायची. शेमा म्हणजे 'देव एकच आहे' असं सांगणारी त्यांची मुख्य प्रार्थना. ग्रंथ बुडाले तरी ही पाठ राहिली होती. खीर नेमकी कुठल्या मूळ सणाची यावर मतं वेगळी आहेत; काहीजण तिचा संबंध सुगीच्या, मांडवांच्या सणाशी लावतात.

मग 'दारफळणीचा सण', म्हणजे दारं लावून घ्यायचा. हा कडक उपवासाचा, पापक्षमेचा दिवस, योम किप्पूर. पांढरे कपडे, स्नान, दिवसभर घराबाहेर पडायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. पर्युषण आणि क्षमापना ज्यांच्या घरात आहे त्यांना यातलं काही समजावून सांगायला नको. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. त्या दिवशी गरिबांना दान द्यायचं आणि आप्तांच्या घरी जायचं.

फाल्गुनात 'होळीचा सण'. हा मूळचा पुरीम. अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी येतो, म्हणजे पौर्णिमेच्या तोंडावर, आणि बहुतेक वर्षी ती पौर्णिमा होळीचीच असते. नाव शेजाऱ्यांचं, सण आपला. आजही काही बेने इस्राएल घरांत पुरीमला पुरणपोळी होते.

त्यानंतर 'अनाशी ढाकाचा सण'. अनास म्हणजे कालवणात घालायच्या आंबट पाण्याचं मडकं. ते आठ दिवस झाकून ठेवायचं, हात लावायचा नाही. हा पेसाह, मिसरच्या गुलामीतून सुटकेचा सण. त्या दिवसांत आंबवलेलं काहीही चालत नाही. गंमत पहा, सुटकेची गोष्ट, समुद्र दुभंगल्याची गोष्ट, सगळी विस्मरणात गेली होती. राहिलं काय? तर या दिवसांत आंबटाच्या मडक्यावर झाकण हवं. गोष्ट हरवली पण नियम नाही हरवला, कारण नियम चुलीपाशी होता.

आणि पावसाळ्यात 'बिरड्याचा सण'. अव महिन्याची नववी तिथी, जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस. त्या दिवशीचं जेवण म्हणजे वालाचं बिरडं. ज्यांनी अलिबाग-पेणकडचे कडवे वाल भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, एकेक सोलून बिरडं केलंय त्यांना ठाऊक आहे की हे घाईचं काम नाही. दोन दिवस आधी ठरवावं लागतं. दुसरीकडचे यहुदीही या उपवासाच्या वेळी मसूर खातात. त्यांच्याकडे गोल, तोंड नसलेलं धान्य हे शोकाचं अन्न मानतात, कारण शोक करणाऱ्याला शब्द सुचत नाहीत. किनाऱ्यावर मसुराची जागा वालाने घेतली का? मला तसं वाटतं, पण हा माझा तर्क आहे. हे दिवस साधारण आपल्या आषाढ-श्रावणातले, आणि किनाऱ्यावर हिंदू घरांतूनही तेव्हा बिरडीच शिजत असतात. (आपल्यापैकी बऱ्याचजणी चातुर्मासात मोडाचं टाळतात, तो विषय वेगळा.)

या समाजाला पुन्हा 'सापडण्याची' गोष्टही स्वयंपाकघरातलीच आहे. डेव्हिड रहाबी नावाचा एक यहुदी किनाऱ्यावर आला. हे लोक खरंच आपले आहेत का, हे त्याला पाहायचं होतं. त्याने बायकांना मिसळलेली मासळी दिली आणि रांधायला सांगितलं. मासळी या पानावर एरवी येत नाही, पण हिच्याशिवाय इतिहास पुढे सरकत नाही. बायकांनी मासळी निवडली. पर आणि खवले असलेली एकीकडे, नसलेली दुसरीकडे, आणि दुसरी आम्ही खात नाही म्हणून सांगितलं. हा नियम यहुदी धर्मग्रंथातला. ग्रंथ न पाहिलेल्या बायकांनी तो हातांनी पाळला होता. रहाबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतल्या तिघांना धर्म शिकवला आणि ते पुढे 'काजी' झाले.

परंपरा या रहाबीला बरंच जुनं मानते. बरेच इतिहासकार मात्र म्हणतात की तो अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्यातला असावा. त्याच घराण्यातल्या यहेज्केल रहाबी या व्यापाऱ्याने १७६८ साली हॉलंडला लिहिलेल्या एका पत्रात या लोकांचा उल्लेख येतो: तेल गाळतात, शनिवार पाळतात, शेमा तेवढी येते, बाकी धर्म माहीत नाही. आता गोष्ट आणि पत्र शेजारी ठेवून पहा. पत्र म्हणतं 'बाकी माहीत नाही'. गोष्ट म्हणते बायकांना माहीत होतं. पत्र लिहिणारा कुठल्या चुलीपर्यंत पोचला होता? मासळीची परीक्षा जशी सांगतात तशीच घडली असेल असं मी म्हणत नाही. पण समाजाने आपली ओळख पटल्याची गोष्ट सांगताना साक्षीदार म्हणून बायका निवडल्या, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मग एकोणिसावं शतक आलं. मुंबईत १७९६ सालीच सॅम्युअल इझिकिएल दिवेकरांनी पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं होतं. पुढे कोचीनचे शिक्षक आले, मिशनऱ्यांच्या शाळांतून हिब्रू आणि मराठीतलं बायबल आलं. खिरीच्या आणि अनासाच्या सणांना ग्रंथातली नावं मिळाली. पेसाहच्या रात्री वाचायची हग्गादा मराठीत छापली गेली, मुंबईला १८४६ साली आणि पुण्याला १८७४ साली. पुण्याच्या आवृत्तीत एक चित्र आहे. लुगडं नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकरी लाटताहेत, भाजताहेत. युरोपातल्या हग्गादांच्या धर्तीवर केलेल्या त्या पुस्तकात हे चित्र एकदम अलिबागच्या पडवीतलं वाटतं. जुनी नावं मात्र हळूहळू बोलण्यातून गेली. शिकलेल्या मंडळींना ती गावंढळ वाटली असतील. चूक म्हणवत नाही, कारण त्यांना जगातल्या बाकी यहुद्यांच्या बरोबरीने उभं राहायचं होतं. पण किहीमकरांनी लिहून ठेवलं नसतं तर आज आपल्याला ती ठाऊकही नसती.

पदार्थ मात्र गेले नाहीत. नव्या वर्षाला आजही हलवा होतो, चिकाचा हलवा. कुरडयांसाठी काढतो तसाच गव्हाचा चीक. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून पिळून घ्यायचे, चीक रात्रभर निवू द्यायचा आणि वरचं पाणी ओतून टाकायचं. मग चीक, नारळाचं दूध आणि साखर मंद आचेवर, हात न थांबवता. तास दोन तास नुसतं ढवळायचं. गोळा भांड्याची कड सोडायला लागला की वेलची घालून ताटात थापायचा, वर बदाम-पिस्त्याचे काप, आणि गार झाल्यावर वड्या. पुष्कळ घरांत गुलाबी रंग घालतात. आता बरेचजण चिकाऐवजी कॉर्नफ्लोअर आणि चायना ग्रास वापरतात. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून होतं, प्राण्यापासून नाही, त्यामुळे आपल्या घरीही करता येईल. दूध गाईचं का नाही? कारण त्यांच्याकडे मांसाबरोबर किंवा त्याच जेवणात दूधदुभतं चालत नाही, आणि सणाच्या जेवणात मांस असतं. यहुदी गृहिणीची ही मोठी अडचण किनाऱ्यावरच्या नारळाने सहज सोडवली. तसंच द्राक्षाच्या दारूचं. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथची सुरुवात पेल्यावर आशीर्वाद म्हणून होते. इथे द्राक्षं कुठली? मग काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं सरबत.

आणि मलिदा. आपल्या बोलण्यात 'मलिदा खाल्ला' म्हणजे काय ते सांगायला नको, पण हा मलिदा पवित्र आहे. शब्द फारसी, अर्थ 'चोळलेलं, कुस्करलेलं'. दर्ग्यांवरचा मलिदा पोळी कुस्करून करतात, बेने इस्राएलांचा पोह्यांचा असतो. पोहे धुऊन निथळायचे, त्यांत ओला नारळ, साखर किंवा गूळ, वेलची-जायफळ, मनुका, बदाम. ताटात रास करून भोवती फळं मांडायची. तो एलियाहू हन्नबी या संदेष्ट्यासाठी करतात: साखरपुडा, नवं घर, आजारातून उठणं, नवस फेडणं. खाण्याआधी आशीर्वाद वेगवेगळे म्हणतात, झाडाच्या फळाला एक, जमिनीच्या फळाला दुसरा. केळं जमिनीच्या फळांत मोडतं, कारण केळीचं खोड दरसाल मरतं, ती खरं झाड नव्हेच. बारकाव्याचा हा विचार पाहून मला आपल्या भक्ष्याभक्ष्याच्या चर्चा आठवल्या.

अलिबागजवळ खंडाळे-सागावच्या बाजूला 'एलियाहू हन्नबीचा टापा' आहे. तिथून तो संदेष्टा स्वर्गात गेला अशी श्रद्धा आहे आणि खडकावर घोड्याच्या टापांच्या नि रथाच्या चाकाच्या खुणा दाखवतात. जगातल्या कुठल्याही यहुद्याला हे नवल वाटेल, पण इथे ते पिढ्यांपिढ्या चालत आलंय.

१९४८ नंतर बहुतेक घरं इस्राएलला गेली. तिथे पुन्हा परीक्षा झाली, या वेळी मासळीने नाही तर कागदांनी. १९६२ साली मुख्य धर्मपीठाने सांगितलं की यांच्याशी लग्न लावण्याआधी पिढ्यांची चौकशी करा. मोर्चे निघाले, धरणी झाली, आणि १९६४ साली त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता मिळाली. शनवार पाळणाऱ्या, बिरडं शिजवणाऱ्या आज्यांच्या नातवंडांना वंशावळ मागितली गेली, हे वाचताना आजही राग येतो.

आज दिमोना, अश्दोद, लोद या गावांत ही मराठी घरं आहेत. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिथे निघत आलं. खंडाळ्याचा टापा तिथे नेता आला नाही, पण हैफाला एलियाहूची गुहा आहे. नवस फेडायला मंडळी आता तिथे जातात, आणि बरोबर पोह्यांचा मलिदा नेतात.