अॅट्रॉसिटीचे खटले आणि वकिलांचे प्रशिक्षण: नेमके काय शिकवायला हवे?

अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा १९८९ चा. नियम १९९५ मध्ये आले आणि २६ जानेवारी २०१६ पासून मोठी दुरुस्ती लागू झाली. मानवी हक्कांच्या दृष्टीने देशातील हा एक अत्यंत कणखर कायदा आहे. तरीही गुन्हा नोंदवण्यासाठी मोर्चा काढणारे आपण, खटला उभा राहिल्यावर न्यायालयात मात्र एकटे पडतो. या कायद्याची बारीक माहिती असलेला वकील तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळत नाही, हा आम्हा सामाजिक कार्यकर्त्यांचा नेहमीचा अनुभव आहे.

याचे एक कारण व्यवस्थेतच आहे. कलम १५ नुसार विशेष सरकारी वकील होण्यासाठी किमान सात वर्षांच्या वकिलीची अट आहे. पण या कायद्याचे प्रशिक्षण घेतल्याची अट नाही. सनद मिळाल्यानंतर पुढे शिकत राहण्याची सक्ती वकिलांवर नाही. खरे तर वकिलांना मानवी हक्कांचे शिक्षण मिळेल याची जबाबदारी सरकार, वकील संघटना आणि शिक्षणसंस्थांची आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या हवाना परिषदेने १९९० मध्येच सांगितले आहे.

खैरलांजीने काय शिकवले?

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण अॅट्रॉसिटी कायद्याखाली नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठानेही ते कलम लावले नाही. तेव्हाच्या कलम ३(२)(व्ही) प्रमाणे गुन्हा पीडिताच्या जातीच्या ‘कारणावरून’ घडला, हे सिद्ध करावे लागे.

२०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हे बदलले. आता पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे हे आरोपीला ‘माहीत होते’, एवढे पुरेसे आहे. शिवाय कलम ८(सी) नुसार आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी व्यक्तिगत ओळख असेल, तर त्याला जात माहीत होती असे न्यायालयाने गृहीत धरायचे आहे. गावात कोण कोणाला ओळखत नाही? पण वकिलाने हे कलम मांडलेच नाही, शेजारी असल्याचा पुरावा आणलाच नाही, तर उपयोग शून्य. जुन्या तरतुदीबाबतही, जात हे ‘एकमेव’ कारण असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पाटण जमाल वली खटल्यात (२०२१) म्हटले आहे. जुन्या घटनांचे खटले चालवणाऱ्यांना हा निकाल माहीत असायलाच हवा.

प्रशिक्षणात काय असावे?

मानवी हक्क दिनी हार घालून केलेले व्याख्यान म्हणजे प्रशिक्षण नव्हे. खऱ्या खटल्यांची कागदपत्रे, नावे झाकून, समोर ठेवावीत आणि सराव करून घ्यावा. किमान पाच विषय हवेत.

१. फिर्याद. कलम ३(१)(आर) आणि (एस) साठी घटना ‘लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी’ घडलेली असावी लागते. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेली शिवीगाळ यात बसत नाही, असे हितेश वर्मा निकाल (२०२०) सांगतो. म्हणून जागा, हजर असलेली माणसे आणि उच्चारलेले नेमके शब्द फिर्यादीत यायला हवेत.

२. जातीचा पुरावा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या आदेशात स्थान मिळाले, त्यामुळे या कायद्याचे संरक्षण आपल्याला आहे. पण कागदावर फक्त ‘बौद्ध’ लिहिले, की बचाव पक्ष मूळ जातीचा पुरावा मागतो. धम्म स्वीकारल्यावर जात कशाला लिहायची, हा प्रश्न रास्त आहे. मात्र जात मानणे वेगळे आणि कायद्याचे संरक्षण सिद्ध करणे वेगळे. जातीचा दाखला तपासातच जोडून घ्यावा.

३. तपास. नियम ७ प्रमाणे तपास अधिकारी पोलीस उपअधीक्षक दर्जापेक्षा खालचा नसावा. या चुकीवर बचाव पक्ष पुढे बोट ठेवतो. वकिलाने ती पहिल्या आठवड्यातच पकडावी.

४. जामीन. कलम १८ अटकपूर्व जामिनाला मनाई करते. गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे २०१८ चे कलम १८ए सांगते. ते सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये वैध ठरवले. मात्र प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर मनाई लागू होत नाही, असेही त्याच निकालात आहे. म्हणून फिर्याद कच्ची राहिली की जामिनाची वाट मोकळी होते.

५. पीडितांचे हक्क. कलम १५ए(३) आणि (५) नुसार पीडिताला नोटीस मिळणे आणि जामिनाच्या वेळी त्याचे म्हणणे ऐकणे बंधनकारक आहे. हरिराम भांभी खटल्यात (२०२१) हे पाळले नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दिलेला जामीन रद्द केला.

आपण काय करू शकतो?

कलम १५ए(१२) नुसार सामाजिक कार्यकर्ते आणि संस्थांची मदत घेणे हा पीडिताचा हक्क आहे. म्हणजे आपली न्यायालयातली हजेरी ही कोणाची मेहेरबानी नाही. हे शिक्षण कार्यकर्त्यांनीही घ्यावे.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीची तीन महिन्यांतून किमान एक बैठक व्हायला हवी. तिथे वकिलांच्या प्रशिक्षणाचा विषय लेखी मांडावा. नियम ४ नुसार विशेष सरकारी वकिलांच्या कामाचा आढावा वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यायचा असतो. तो अहवाल माहिती अधिकारात मागावा. पीडिताची इच्छा असेल तर नामांकित ज्येष्ठ वकील नेमण्याची तरतूदही याच नियमात आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडून अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. या यादीतल्या वकिलांचे प्रशिक्षण आधी व्हावे, असा आग्रह धरावा.

बाबासाहेब १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. कायदा लिहिणारा माणूस कायदा शिकवतही होता, हे आपल्या चळवळीने विसरू नये. विधी शाखेत शिकणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलामुलीने दर महिन्याला अॅट्रॉसिटीच्या एका खटल्याची सुनावणी बसून पाहावी आणि टिपणे काढावीत. पुढच्या पीडित कुटुंबाला तयार वकील मिळेल तो याच सवयीतून.