निद्रास्वास्थ्य

झोप पुरेशी, सलग व ठरावीक वेळी लागावी यासाठी पाळावयाच्या सवयी. चरकसंहितेत आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत; दिवसा झोपण्याची मुभा ग्रीष्मात, तसेच बालक, वृद्ध व दुर्बल यांना आहे (पहा : आयुर्वेद, ऋतुचर्या).

प्रौढांना रोज किमान ७ तास झोप लागते. पूर्वरात्रीच्या गाढ झोपेत वृद्धिसंप्रेरक सर्वाधिक स्रवते व ऊतकांची झीज भरून येते. संध्याकाळी उशिरा घेतलेल्या चहा-कॉफीतील कॅफीन निम्मे उतरण्यास सुमारे ५ तास लागतात. मोबाइलच्या निळसर प्रकाशाने झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवण लांबणीवर पडते (पहा : जैविक घड्याळ).

आजारपणात निद्रास्वास्थ्याला विशेष महत्त्व येते. अतिदक्षता विभागात रात्री दिवे मंद ठेवणे, यंत्रांचे आवाज कमी करणे, कानांत बोळे देणे हे उपाय रुग्णाची झोप व शुद्ध टिकवण्यासाठी योजतात (पहा : शुश्रूषा).