गिरणीची पहाट आणि एकोणचाळीस मिनिटे

झोपेतून उठल्यावर काही वेळ माणूस जागा असूनही पुरता भानावर नसतो. डोळ्यांवर झापड असते, हात जड वाटतात, बोललेले कानावर पडते पण डोक्यात शिरत नाही. ही गुंगी बहुधा पंधरा मिनिटे ते अर्धा तास टिकते. गाढ झोपेतून किंवा शरीराच्या हिशेबाने रात्र सरलेली नसताना उठवले, तर ती आणखी लांबते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत हजारो माणसांना अशा अवेळी उठवणारी व्यवस्था उभी राहिली, ती कापडगिरण्यांची.

उद्योजक कावसजी दावर यांची सूतगिरणी १८५६ मध्ये चालू झाली. सुरुवातीच्या काळात गिरणीचे काम सूर्यावर चाले. उजाडले की सुरू, मावळले की बंद. मुंबईत दिवस डिसेंबरात सुमारे ११ तासांचा आणि जूनमध्ये १३ तासांचा, त्यामुळे थंडीत निदान झोप तरी जास्त मिळे. विजेचे दिवे आले आणि ही सवलतही गेली. अंधारात भोंगा होऊ लागला. दारात वेळेवर न पोचणाऱ्याच्या जागी जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, बदली कामगार लावी, म्हणून झापड उतरेपर्यंत थांबण्याची सोय कोणालाच नव्हती.

सगळ्यांना हा भोंगा सारखा जाचत नसे. लहान मुलांच्या झोपेत गाढ टप्प्याचा वाटा मोठा असतो. त्यांना उठवून बसवले तरी ती बसल्या जागी पुन्हा कलंडतात. मिसरूड फुटण्याच्या वयात शरीराचे घड्याळच मागे सरकते, रात्री झोप उशिरा लागते आणि सकाळी डोळा उघडत नाही. त्याला घरोघरी आळस म्हणतात, ते अन्यायाचे आहे. उतारवयात गाढ झोप कमी होते व जाग लवकर येते. म्हाताऱ्यांच्या पहाटे उठण्याचे कौतुक होते, पण त्यात सवयीपेक्षा वयाचा वाटा अधिक. आता कायदा पाहावा. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास कामाला लावण्याची मुभा ठेवली. १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले, आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचे तास सातवर आले. म्हणजे ज्यांना उठणे सर्वांत जड, तीच पोरे यंत्रांच्या फिरत्या पट्ट्यांजवळ उभी केली जात.

त्यातच घड्याळाचा तंटा उभा राहिला. १८८१ मध्ये सरकारने मुंबईवर मद्रास टाइम, म्हणजे मद्रासची स्थानिक वेळ, लादून पाहिला आणि लोकांच्या विरोधामुळे १८८३ मध्ये तो मागे घेतला. १९०६ मध्ये मात्र साऱ्या देशासाठी एक वेळ ठरली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. काटे पुढे गेले, सूर्य जागचा हलला नाही. गिरणीने घड्याळातला आकडा तोच ठेवला, तर कामगाराला पाऊण तासाला थोडाच कमी इतका वेळ आधी उठणे भाग होते, तेही जानेवारीत. त्या दिवसांत मुंबईत नव्या वेळेनुसार सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. त्याच जानेवारीत हजारो गिरणी कामगार नव्या वेळेविरुद्ध काम सोडून बाहेर पडले आणि दंगल उसळली.

शहरातील पुढाऱ्यांनीही विरोध केला. त्यांच्या भाषणांत मुंबईचा मान आणि सरकारची अरेरावी हे मुद्दे मोठे होते. कामगाराचा मुद्दा साधा होता: झोप तुटते. या वादातला तोच सर्वांत खरा मुद्दा होता, आणि त्याचीच सर्वांत कमी दखल घेतली गेली.

महापालिकेने आपली घड्याळे मुंबई टाइमवरच ठेवली. त्यामुळे कित्येक वर्षे एकाच शहरात दोन वेळा नांदल्या. पोरांची सुटकाही अशीच सावकाश झाली: १९२२ च्या कायद्याने बारा वर्षांखालील आणि १९४८ च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात मज्जाव झाला. महापालिकेने मुंबई टाइम सोडला तो त्याहीनंतर.