करी रोडला गावचा पेपर

करी रोडच्या पुलावरून पश्चिमेला उतरलं की ना. म. जोशी मार्ग लागतो, जुन्या रहिवाशांचा डिलाईल रोड. ज्या नारायण मल्हार जोशींचं नाव या रस्त्याला आहे, त्यांनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं चालवली. त्याच्याही आधी, 1880 मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी 'दीनबंधू' हा पेपर पुण्याहून मुंबईत आणला होता.

कापड गिरण्यांच्या या भागात, गिरणगावात, पेपर एकट्याचा कधीच नव्हता. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-पंधरा गडी आणि त्यांच्यात एक 'नवाकाळ'. पहिल्या पाळीला निघालेला ठळक मथळे बघून जायचा, रात्रपाळीवरून परतलेला आडवं होऊन उरलेली पानं वाचायचा. ज्याला अक्षरओळख नसे त्याला शेजारचा वाचून दाखवी. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा पोटाचा प्रश्नच पेपरात छापून येऊ लागला.

एक भूक मात्र भागत नसे. कामगार रत्नागिरीचे, साताऱ्याचे, कोल्हापूरचे. बेळगावात 1919 पासून 'तरुण भारत' होता, कोल्हापुरात 1939 पासून 'पुढारी'. पण चाळीच्या दारात पडायचा तो मुंबईचा अंक. गावात कोण गेलं, पूल वाहून गेला का, हे कळायचं पत्रातून, नाहीतर एसटीने आलेल्या माणसाकडून.

2010 मध्ये आयपॅड आला, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्र मालकांना नवा वाचक दिसू लागला. रुपर्ट मरडॉक यांनी 2011 मध्ये खास त्यासाठी 'द डेली' काढला. तो 2012 संपायच्या आत बंद पडला. नुसत्या यंत्राच्या नवलाईने वाचक हलत नाही. इथल्या घरांत ई-पेपर शिरायला कारणं साधी होती: 2016 नंतर स्वस्त झालेला डेटा, दोन बोटांनी मोठी होणारी अक्षरं आणि, सगळ्यात मोलाची, जिल्हा आवृत्ती. मुलाच्या टॅबवर रत्नागिरीचं पान उघडतं, निधनवार्ता आणि जत्रेची तारीख त्याच सकाळी वाचता येते. साठ वर्षं मुंबईत काढलेल्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

एप्रिल 2020 मध्ये कोरोनामुळे घरोघरी पेपर टाकायला बंदी आली आणि कागदावर अडून बसलेल्यांनाही पडद्याकडे वळावं लागलं. जूनमध्ये पेपरवाला पुन्हा जिने चढू लागला. त्याच्या गठ्ठ्यात गावची आवृत्ती तेव्हाही नव्हती. ती टॅबवरच राहिली.