एकदिशकारक नलिका, ध्वनिवर्धकातील

प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या) विद्युत् प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करणारी निर्वात नलिका. रेडिओ ग्राही, सभांमधील ध्वनिवर्धक व विद्युत् गिटारचे ध्वनिवर्धक यांत तिचा उपयोग केला गेला. भारतातील घरगुती पुरवठा २३० व्होल्ट दाबाचा व ५० हर्ट्‌झ कंप्रतेचा प्रत्यावर्ती असतो. उलट ध्वनिवर्धकातील शक्ति-नलिकांच्या धनाग्रांना साधारणतः ३०० ते ४५० व्होल्ट एकदिश दाब लागतो. रोहित्राने वाढविलेला दाब या नलिकेतून जातो आणि पुढील धारित्रांमुळे त्यातील चढउतार कमी होतात. ध्वनीचा संकेत या नलिकेतून जात नाही, तरीही ध्वनीवर तिचा परिणाम होतो. हा परिणाम दोष मानावयाचा की गुण, याविषयीचे मत काळानुसार बदलत गेले. नलिका दुरुस्तीच्या वेळी बदलतानाही हाच प्रश्न उपस्थित होतो.

इतिहास : दिव्यातील तापलेल्या तंतूपासून निर्वातात ठेवलेल्या दुसऱ्या अग्राकडे प्रवाह एकाच दिशेने वाहतो, असे टॉमस आल्वा एडिसन यांना १८८३ च्या सुमारास आढळले. या परिणामाचा उपयोग करून जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन अग्रांची नलिका तयार केली. त्याच वर्षी जगदीशचंद्र बोस यांना गॅलिना स्फटिकाच्या अभिज्ञातकाबद्दल अमेरिकेचे एकस्व मिळाले. एकदिशकरणाचे निर्वात व घनावस्था हे दोन्ही मार्ग अशा प्रकारे जवळजवळ एकाच वेळी खुले झाले. तथापि मोठा दाब व प्रवाह सहन करण्यास त्या काळचे स्फटिक असमर्थ होते. त्यामुळे पुढील सु. पन्नास वर्षे या क्षेत्रात नलिकेचेच वर्चस्व राहिले.

मुंबई रेडिओ केंद्राचे उद्‌घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले. त्या सुमारास अनेक ग्राही विद्युत् घटमालांवर चालत व त्यांना एकदिशकारकाची गरज नसे. घरगुती पुरवठ्यावर चालणारी उपकरणे रूढ झाल्यावर ही नलिका आवश्यक ठरली. १९२७ मध्येच अमेरिकेत ‘८०’ क्रमांकाची पूर्णतरंगी नलिका प्रचारात आली. पुढे त्याच गुणधर्मांची ‘५ वाय ३’ ही अष्टकील बैठकीची नलिका निघाली. महाराष्ट्रात वीज न पोहोचलेल्या खेड्यांतून घटमालेवरील ग्राही दीर्घकाळ टिकून होते. शहरांत मात्र रेडिओ, चित्रपटगृहे व जाहीर सभा यांमुळे या नलिकांचा प्रसार झाला. मूळच्या सिंधमधील व नंतर मुंबईत स्थिरावलेल्या मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ या संस्थेचे नाव स्वातंत्र्यलढ्यातील नेत्यांच्या सभांच्या छायाचित्रांत ध्वनिग्राहकावर दिसते. बंगलोर येथील भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये ग्राही नलिकांचे उत्पादन सुरू केले व पुढच्याच वर्षी जर्मेनियमच्या अर्धसंवाहक प्रयुक्तींचे. नलिकेचे देशी उत्पादन सुरू होताना तिच्या अस्ताचीही सुरुवात झाली होती.

गिटारच्या ध्वनिवर्धकातील स्थान : विद्युत् गिटार १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत प्रचारात आली. मुंबईत व्हॅन शिप्ली यांनी चित्रपटसंगीत व ध्वनिमुद्रिका यांद्वारे ती लोकप्रिय केली. तिच्या ध्वनिवर्धकाचे शक्तिमंडल सभेच्या ध्वनिवर्धकासारखेच असे. जोराने स्वरमेळ छेडला असता शक्ति-नलिका अधिक प्रवाह ओढतात. त्यामुळे एकदिशकारक नलिकेत अधिक दाब खर्ची पडतो व पुढे मिळणारा दाब क्षणभर घटतो. स्वराचा आघात त्यामुळे मृदू होतो आणि दाब पूर्ववत होताना स्वर फुलल्यासारखा वाटतो. ‘५ वाय ३’ मध्ये १२५ मिलिअँपिअर प्रवाहास सु. ५० व्होल्ट खर्ची पडतात, तर १९५० नंतरच्या दशकातील ‘जीझेड ३४’ मध्ये २२५ मिलिअँपिअर प्रवाहासही केवळ सु. १७ व्होल्ट. फेंडर कंपनीचा ‘बेसमन’ व त्याच्या मंडलावर आधारलेला मार्शल यांचा ‘जेटीएम ४५’ यांत ‘जीझेड ३४’ वापरली गेली.

दाबाची ही घट कमी करणे हे अभियंत्यांचे उद्दिष्ट होते. सिलिकॉन द्विप्रस्थांनी ते जवळजवळ साध्य केले व १९६० नंतरच्या दशकात मोठ्या ध्वनिवर्धकांतून नलिका हद्दपार झाली. वादकांना मात्र जुन्या उपकरणांतील मार्दव हवेसे वाटू लागले. परिणामी १९९० नंतरच्या दशकात नलिका व सिलिकॉन यांपैकी हवा तो पर्याय निवडता येईल, असे ध्वनिवर्धकही निघाले.

दोषपरीक्षा : धारित्रांतील भार उपकरण बंद केल्यावरही राहतो व तो प्राणघातक ठरू शकतो. म्हणून आतील भागास हात लावण्यापूर्वी योग्य रोधकातून धारित्रे निर्भारित करून दाबमापकाने खात्री करून घेतात. वितळतार (फ्यूज) वारंवार जात असल्यास एकदिशकारक नलिका काढून योग्य मूल्याची नवी तार घालतात. तरीही ती गेल्यास दोष रोहित्रात वा त्याच्या मंडलात असतो. ती टिकल्यास दोष नलिकेत किंवा तिच्या पुढे असतो. मग खात्रीची एकदिशकारक नलिका बसवून शक्ति-नलिका काढतात व थोडाच वेळ परीक्षा घेतात. वितळतार गेल्यास धारित्रांचा, न गेल्यास शक्ति-नलिकांचा संशय घेतात. भारतीय दुरुस्तीगृहांत रूढ असलेला सिरीजचा दिवा येथे उपयोगी पडतो : तो सतत प्रखर पेटल्यास मंडलात कोठेतरी लघुपथन आहे, असे समजतात. पूर्णतरंगी नलिकेचे एक धनाग्र निकामी झाल्यास घरघर वाढते आणि तिची कंप्रता १०० ऐवजी ५० हर्ट्‌झ होते. एकदिशकारक नलिका अनेकदा दुसऱ्या घटकाच्या दोषामुळे जळते. मूळ कारण न शोधता नवी नलिका बसविल्यास तीही जळते.

बदल : बैठक सारखी असली, तरी सर्व नलिका परस्परांच्या जागी चालत नाहीत. ‘५ वाय ३’ चा तंतू ५ व्होल्टांस २ अँपिअर घेतो, ‘५ यू ४’ चा ३ अँपिअर. मूळ रोहित्र हा जादा भार पेलेलच असे नाही. ‘५ वाय ३’ च्या जागी ‘जीझेड ३४’ किंवा सिलिकॉन द्विप्रस्थ बसविल्यास दाब वाढून शक्ति-नलिका व धारित्रे यांवर ताण येतो. पहिले धारित्रही मर्यादेत असावे लागते. ‘जीझेड ३४’ साठी ही मर्यादा ६० मायक्रोफॅराड आहे. पुरवठ्याचा दाब २३० वरून २५० व्होल्ट झाल्यास ५ व्होल्टांच्या तंतूला सु. ५·४ व्होल्ट मिळतात व त्याचे आयुष्य घटते.

स्लोव्हाकिया, रशिया व चीन येथील कारखाने एकविसाव्या शतकातही गिटारच्या ध्वनिवर्धकांसाठी अशा नलिका बनवीत आले आहेत. जुने उपकरण दुरुस्त करताना अधिक दाब देणारी नलिका चांगली, असे समजणे योग्य नाही. मूळ मंडल ज्या नलिकेसाठी आखले गेले, तीच नलिका उपकरणाच्या सुरक्षिततेस व त्याच्या ध्वनीस पोषक ठरते.